विमानात बसला की सुटला?

फरार आरोपीची एखादी बातमी आली की ‘गुन्हेगार एकदा विमानात बसला की सुटला’ हा फॉरवर्ड हमखास डोकं वर काढतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : परदेशातून आजवर एकही मोठा गुंड परत आणला गेलेला नाही. दाऊद तर पाकिस्तानात खुशाल बसलाय. इंटरपोल नुसत्या नोटिसा काढतं, पकडत कुणालाच नाही. अबू सालेमला फाशी देणार नाही असं लिहून देऊन आपण मान तुकवली. परदेशी कोर्टांना आपल्या तुरुंगातल्या ढेकणांचीच काळजी. आणि शेवटी सल्ला : हे करारबिरार सोडा, सरळ उचलून आणा.

राग समजण्यासारखा आहे. १९९३ चे स्फोट आणि २६/११ सोसलेल्या मुंबईला तो यायचाच. पण दाऊदचा अपवाद सोडला तर यातला एकही मुद्दा जसा मांडलाय तसा टिकत नाही.

‘कुणीच आलं नाही’ हे तर सरळ खोटं आहे. १९९३ च्या स्फोटांतला आरोपी सालेम नोव्हेंबर २००५ मध्ये पोर्तुगालमधल्या लिस्बनहून आला. छोटा राजन ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘मोहन कुमार’ नावाच्या पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाहून बालीला उतरला, विमानतळावरच धरला गेला आणि दोन आठवड्यांच्या आत दिल्लीत होता. पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या खुनाबद्दल मुंबईच्या मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला जन्मठेप दिली. गँगस्टर रवी पुजारी बुर्किना फासोच्या पासपोर्टवर अँथनी फर्नांडिस बनून पश्चिम आफ्रिकेत वावरत होता. २०२० मध्ये सेनेगलने त्याला आपल्या ताब्यात दिलं. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून आला. यातलं राजनचं प्रकरण कायद्याच्या भाषेत प्रत्यार्पण, म्हणजे रीतसर प्रक्रियेने आरोपी दुसऱ्या देशाला सोपवणं, नव्हतंच. इंडोनेशियाने त्याची हकालपट्टी केली, म्हणून ते इतक्या झटपट झालं. बाकीच्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

इंटरपोलबद्दल मात्र फॉरवर्ड लिहिणाऱ्याने अर्धं खरं सांगितलंय. इंटरपोल कुणाला पकडत नाही, कारण त्याला तो अधिकारच नाही. १९६ देशांच्या पोलिसांनी एकमेकांशी बोलण्यासाठी उभी केलेली ही संस्था आहे. मुख्यालय फ्रान्समधल्या लिऑं शहरात, आणि आपल्याकडून तिच्याशी व्यवहार करते ती सीबीआय. रेड नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे. ‘हा माणूस आम्हाला हवा आहे, दिसला तर तुमच्या कायद्यात बसेल ते करा’ एवढीच ती विनंती. पकडायचं काम त्या-त्या देशाच्या पोलिसांचं. राजनच्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी इंडोनेशियाला कळवलं आणि बालीच्या पोलिसांनी हात घातला.

आता सालेम. फॉरवर्डमधला हा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे, म्हणून जरा थांबून बघू. २००२ मध्ये तो लिस्बनला पकडला गेला तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पणाचा करारच नव्हता. पोर्तुगालने फाशी १८६७ सालीच रद्द केलेली, जन्मठेपही तिथे नाही. अशा देशाने माणूस फाशीसाठी सोपवावा ही अपेक्षाच चुकीची. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये लालकृष्ण अडवाणींनी उपपंतप्रधान म्हणून लेखी हमी दिली : फाशी नाही, आणि २५ वर्षांहून जास्त कैद नाही. ही शरणागती असेल तर ती आपल्याच कायद्यात आधीपासून लिहिलेली होती. १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यात १९९३ साली कलम ३४-सी घातलं गेलं. ज्या देशात त्या गुन्ह्याला फाशी नाही तिथून आणलेल्या आरोपीला आपल्याकडे फार तर जन्मठेप देता येते, असं ते कलम सांगतं. संसदेनेच केलेला कायदा आहे हा.

त्यापुढची गोष्ट फॉरवर्डमध्ये नाही. सालेम आल्यावर त्याच्यावर आणखी कलमं लावली गेली. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागितला त्यांच्यापलीकडचं काही त्याच्यावर चालवायचं नाही, हा प्रत्यार्पणातला जुना नियम आहे, आणि आपल्या कायद्याचं कलम २१ ही तेच म्हणतं. सालेमचे वकील लिस्बनच्या कोर्टात गेले, आणि २०११ मध्ये त्या कोर्टाने भारताने अट मोडली असं म्हणून प्रत्यार्पणच रद्द ठरवलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने आपल्याला काही आरोप मागे घ्यावे लागले. २०१७ मध्ये टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. तरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की २५ वर्षं भरली की सरकारला दिलेला शब्द पाळावाच लागेल. ती मुदत ऑक्टोबर २००५ पासून मोजायची, म्हणजे २०३० पर्यंत. स्फोटांत माणसं गमावलेल्यांना हे बोचणारच. पण शब्द फिरवला असता तर पुढचा आरोपी कुठल्या तोंडाने मागायचा?

‘परदेशी कोर्टं गुन्हेगारांना पाठीशी घालतात’ हा मुद्दा आपल्याच अंगावर उलटतो. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात १९९५ साली विमानातून शस्त्रं टाकली गेली. त्यातला मुख्य आरोपी किम डेव्ही डेन्मार्कचा. तिथलं सरकार त्याला सोपवायला तयार झालं, पण कोर्टाने २०११ मध्ये नकार दिला आणि २०२४ मध्ये पुन्हा दिला. कारण दोन्ही वेळा तेच, भारतात छळ होण्याचा धोका. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, पण आजवर त्याला मान्यता दिलेली नाही. बचाव पक्षाच्या वकिलाला यापेक्षा सोपा मुद्दा कुठला मिळणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने शस्त्रांचा दलाल संजय भंडारीला सोपवायला नकार दिला तो तिहारमध्ये खंडणी आणि मारहाणीचा धोका आहे म्हणून. उलट विजय मल्ल्याच्या वेळी आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओ लंडनला पाठवला गेला, आणि कोर्टाने तो मान्य केला. पण एक बराक साफसूफ करून दाखवता येते. त्याच तुरुंगाच्या बाकीच्या बराकींत क्षमतेच्या कितीतरी पट माणसं कोंबलेली असतात. पळालेल्यांना परत आणायचा विषय निघतो तेव्हा आपण चर्चा परराष्ट्र खात्याची करतो. खरं काम बरंचसं कोठडीत, तुरुंगात आणि आरोपपत्र लिहिणाऱ्या फौजदाराच्या टेबलावर असतं. ज्या कृत्याबद्दल माणूस मागायचा ते त्या देशातही गुन्हा असावं लागतं. नुसतं ‘मोक्का लावलाय’ म्हणून भागत नाही. खून कुणी केला, सुपारी कुणी दिली, खंडणीचे पैसे कुठून कुठे गेले, हे परक्या न्यायाधीशाला कळेल असं मांडावं लागतं.

दाऊदबद्दल फॉरवर्डचं म्हणणं मला मान्य आहे. २००३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीत त्याचं नाव आहे, कराचीच्या पत्त्यांसकट, आणि पाकिस्तान तो तिथे असल्याचं नाकारत आलंय. आसरा सरकारच देत असेल तर करार आणि नोटीस दोन्ही लुळे पडतात. पण तो प्रश्न एका देशाचा आहे. त्यावरून पोर्तुगाल, सेनेगल आणि अमेरिकेचा निकाल लावता येत नाही.

राहिला ‘उचलून आणा’. मे २०२१ मध्ये पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातला आरोपी मेहुल चोक्सी कॅरिबियनमधल्या अँटिग्वातून गायब झाला आणि डॉमिनिकात सापडला. आपलं अपहरण झालं असा त्याचा दावा. भारताने तो कधीच मान्य केला नाही. पण इंटरपोलच्या फायली तपासणाऱ्या आयोगाने ती शक्यता विश्वासार्ह धरली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची रेड नोटीस काढून टाकली. म्हणजे नुसत्या संशयानेही हातातलं साधन गेलं. एप्रिल २०२५ मध्ये तो बेल्जियममध्ये पकडला गेला तो रेड नोटिशीविना, मुंबईच्या न्यायालयाची वॉरंटं जोडून पाठवलेल्या साध्या विनंतीवर. ऑक्टोबरात अँटवर्पच्या कोर्टाने त्याच्या प्रत्यार्पणाला हिरवा कंदील दिला. त्याआधी भारताने बेल्जियमला लिहून दिलं होतं की त्याला आर्थर रोडच्या त्याच बराक १२ मध्ये ठेवू आणि किमान तीन चौरस मीटर मोकळी जागा देऊ.