पैसे येतात, पण पोराला ठेवायचं कुठे?

वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या छोट्या काजू युनिटमध्ये सकाळी डोकावून बघा. बायका हाताला तेल चोळून बी फोडायला बसलेल्या असतात, कारण टरफलातला चीक कातडी जाळतो. मागे गोणपाटावर दीड-दोन वर्षांचं पोर झोपलेलं, हातभर अंतरावर त्याच टरफलांचा ढीग. एकीला विचारलं तर म्हणाली, "ताई, म्हयन्याक पैशे येतत, पण चेडवाक खंय ठेवू?"

लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. औषधपाण्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण तेवढ्यावर मजुरी सोडता येत नाही, आणि मजुरीला जायचं तर मूल सांभाळायला कोणी नाही.

अंगणवाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ नाही. मोठं पोर दुपारीच घरी येतं, आई संध्याकाळी. कायद्याने कामाच्या जागी पाळणाघराची सक्ती केली तीही आकडा लावून: आधीच्या १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून जास्त बायका होत्या, २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत ५० कर्मचारी. आमच्याकडे दहा-पंधरा बायकांची युनिटं. त्यांचं काय?

२०२२ पासून केंद्र सरकारच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमात 'पाळणा' योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, रोज साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. हेच हवंय, पण वाडीतल्या बाईला चालत जाता येईल इतकं जवळ.

नियम नकोत असं नाही. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत सगळ्यांनी पाहिली. परवाना हवाच. पोलीस पडताळणी हवी, न सांगता तपासणी हवी, परसातल्या विहिरीला जाळी हवी. मात्र स्वतंत्र इमारत आणि शहरी थाटाची कागदपत्रं मागाल, तर पडवीत चार पोरं सांभाळणारी काकी एकतर बंद करेल नाहीतर लपून चालवेल. लपून चाललेल्या ठिकाणी कोण तपासायला जाणार? तिची नोंदणी करा, प्रशिक्षण द्या आणि मानधनही सरकारनेच द्या. गरीब आईकडून फी घेऊन हे चालणार नाही.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. आमच्या पुढच्या महिला ग्रामसभेत पाळणाघराचा विषय मी लेखी देणार आहे. तुमच्या गावातही द्या, आणि ठराव इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.