जन औषधीची शुगरची गोळी आणि सीमाभागातला एक गैरसमज

‘जन औषधीची शुगरची गोळी स्वस्त, म्हणून कमी ताकदीची, कर्नाटकात ही दुकाने बंदच झाली, आणि सीमाभागातल्या मराठी माणसाला महाराष्ट्राच्या कार्डाशिवाय सवलत नाही’, असा तिपेडी दावा बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बिनदिक्कत पुढे पाठवला जातो.

जन औषधी ही केंद्र सरकारची स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानांची योजना. २००८ साली सुरू झालेल्या या योजनेत औषधाची किंमत पहिल्या तीन ब्रँडांच्या सरासरीच्या निम्म्यापेक्षा जास्त ठेवता येत नाही. वाचतो तो जाहिरातीचा आणि मधल्या साखळीचा खर्च. गोळीतला घटक तोच असतो आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच दुकानात येते. सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधाचे पेटंट २०२२ मध्ये संपले आणि त्याच वर्षी ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या या केंद्रांत ६० रुपयांना मिळू लागल्या, तेव्हा ब्रँडची तेवढीच पट्टी १६० रुपयांच्या पुढे होती. पट्टी बदलताना एक मात्र पाहावे: चिठ्ठीत मेटफॉर्मिन या शुगरच्याच गोळीपुढे ‘एस. आर.’ (हळूहळू विरघळणारी) असेल तर साधी मेटफॉर्मिन घेऊ नये.

‘बंद झाली’ या म्हणण्यामागे केंद्रे बंद करण्याचा कर्नाटक सरकारचा २०२५ चा आदेश आहे, पण तो सरकारी रुग्णालयांच्या आवारातील केंद्रांपुरता होता. तिथे औषधे मोफतच द्यायची असतात, हे त्याचे कारण सांगितले गेले. बाजारपेठेतल्या केंद्रांना तो लागू नव्हता.

कार्डाचा मुद्दा तर दोन योजनांची सरमिसळ आहे. सीमाभागातील ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये जाहीर केलेली आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे, महिन्याच्या गोळ्यांची नव्हे. जन औषधीत रेशनकार्ड विचारत नाहीत, डॉक्टरांची चिठ्ठी लागते. निपाणीचा रुग्ण महाराष्ट्रातल्या कागलच्या केंद्रातूनही तीच गोळी त्याच भावात घेऊ शकतो.

खरी उणीव साठ्याची आहे, आणि तिच्याबद्दल या दाव्यात अवाक्षर नाही. एखादी गोळी कधी कधी संपलेली असते, म्हणून पट्टी संपण्याच्या आठवडाभर आधीच चौकशी करावी. इन्सुलिनच्या बाबतीत तर घाईत मिळेल ते उचलणे धोक्याचे आहे. ४० युनिटच्या (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या) बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० युनिटच्या बाटलीला केशरी. लाल सिरिंजने १०० युनिटचे इन्सुलिन खुणेपर्यंत भरले, तर अडीचपट डोस अंगात जातो.