दुपारपर्यंत इतिहास कसा उरकावा

सुट्टीत घरच्यांना एखादं ऐतिहासिक ठिकाण दाखवायचं कबूल करून बसला असाल, तर आता सुटका नाही. पण घाबरू नका. थोडी दक्षता घेतली तर इतिहासाचा कणही अंगाला न लागता सगळे सुखरूप घरी परततात. मी हे अनेकदा करून दाखवलं आहे.

मुख्य म्हणजे सकाळी लवकर निघू नका. उजेड तिरपा असला की दगडावरचे छिन्नीचे घाव दिसतात, झिजलेल्या शिलालेखातली अक्षरं उठून येतात आणि घरातलं कोणीतरी थबकून ती लावत बसतं. बारा वाजता पोचलात तर शिलालेख नुसता दगड असतो आणि माणसं नुसती सावली शोधत असतात. दीड तासात सगळं आटोपतं.

आधी काही वाचून जाऊ नका. तीन वाक्यं पाठ असली की पुरे. ‘इथून एक भुयार थेट राजधानीपर्यंत जातं.’ ‘खजिना अजून सापडलेला नाही.’ ‘तेव्हाच्या चुन्याची सर आजच्या सिमेंटला नाही.’ जगातल्या कुठल्याही किल्ल्याला ही चालतात. भुयाराचं दुसरं टोक कोणीच पाहिलेलं नसतं, त्यामुळे वादही होत नाही.

खरी जोखीम मुलांची. यावर एक सत्यकथा सांगतो, मन घट्ट करून ऐका. 1879 साली उत्तर स्पेनमधल्या अल्तामिराच्या गुहेत मार्सेलिनो सान्झ दे साउतुओला नावाचे गृहस्थ मुलीला घेऊन गेले. स्वतः शहाण्या बापासारखे मान खाली घालून जमीन उकरत बसले. मुलगी मारिया, आठेक वर्षांची. करायला काही नव्हतं म्हणून तिनं वर पाहिलं, आणि छतावर बैल आहेत म्हणून बापाला हाक मारली. ते बैल म्हणजे हिमयुगातल्या माणसानं रंगवलेले गवे होते. बाप आधीही त्या गुहेत येऊन गेला होता, पण छताकडे बघायचं त्याला सुचलं नव्हतं. पुढे काय झालं? आदिमानवाला इतकं सुंदर काढता येणंच शक्य नाही, असं मोठमोठ्या तज्ज्ञांनी ठरवलं. चित्रं बनावट असल्याचा आरोप झाला. गृहस्थ 1888 मध्ये गेले, आणि त्यांच्या विरोधकांतले एक बडे विद्वान एमिल कार्तेयाक यांनी जाहीर चूक कबूल केली ती 1902 मध्ये. पोरीनं मान वर केल्याचा हा परिणाम. म्हणून सांगतो, मुलांच्या हातात फोन द्या. मान आपोआप खाली राहते.

आठवण म्हणून नाव कोरायचं असेल तर थोरामोठ्यांचा आदर्श ठेवा. 28 एप्रिल 1819 रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्यानं अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव आणि तारीख खरडली. लेण्यात तेव्हा दगडमातीचा ढीग साचलेला होता, साहेब त्यावर उभे होते. ढीग उपसला गेला आणि नाव राहिलं माणसाच्या डोक्याच्याही वर. तेव्हा कोरण्याआधी पायाखाली काय आहे ते बघून घ्या. 2023 मध्ये रोमच्या कलोसियमच्या भिंतीवर एका पर्यटकानं स्वतःचं आणि मैत्रिणीचं नाव कोरलं. प्रकरण अंगाशी आल्यावर त्यानं माफीपत्र लिहिलं, की ही वास्तू इतकी पुरातन आहे हे मला ठाऊक नव्हतं. इमारत सन 80 मध्ये खुली झालेली. लोक हसले त्याला. मला तो आमच्यातलाच वाटला.

कोरण्याचे कष्ट नको असतील तर नुसता श्वास घ्या. फ्रान्समधली लास्कोची चित्रगुहा 1948 मध्ये लोकांसाठी उघडली आणि 1963 मध्ये बंद करावी लागली, कारण बघायला येणाऱ्यांच्या श्वासानं चित्रं बिघडायला लागली होती. शेकडो पिढ्या टिकलेली गोष्ट पंधरा वर्षांत, तीही कौतुक करता करता! आता शेजारी तिची प्रतिकृती बघायला मिळते.

एवढं सगळं पाळूनही कधी कधी घात होतो. मागच्या खेपेला एका किल्ल्याच्या दरवाज्यात माझी धाकटी मागे राहिली. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीत चौकोनी भोक होतं, अडसराचं. दार लावलं की त्यातून लाकडी ओंडका ओढून समोरच्या खोबणीत अडकवायचे. दार उघडं असताना तो अख्खा भिंतीच्या पोटात. तिनं हात घातला. कोपर गेलं, मग खांदा भिंतीला टेकला, गाल दगडावर चेपला, तरी बोटांना शेवट लागेना. “बाबा, आत अजून आहे,” म्हणाली. कडा गुळगुळीत झालेल्या होत्या. कितींदा सरकवला असेल, आणि कितींदा घाईत, हे माझ्याही मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण मी वेळीच सावरलो. साप असतो त्यात, असं सांगून तिला ओढत तोफेपाशी नेलं आणि सगळ्यांना तोफेवर बसवून फोटो काढला.

घरी येऊन पाहिला तर सगळे समोर बघून हसताहेत, हिचीच मान दरवाज्याकडे. काढून टाकावा लागला.