वेडी बाभूळ मान्य, पण खडकाचं काय?

दिल्लीच्या रिजवरच्या, म्हणजे शहरातल्या जंगली टेकड्यांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "प्राचीन अरण्य कसलं डोंबलाचं? इंग्रजांनी लावलेली वेडी बाभूळ आहे ती. त्यातले दोन-चार एकर रस्त्यात गेले तर एवढं काय बिघडलं?"

पहिलं वाक्य मला लागलं, कारण ते खरं आहे. 'प्राचीन अरण्य' हे शब्द माझेच आणि ते चुकलेच. नवी दिल्ली वसवताना इंग्रजांनी टेकड्या हिरव्या करायला घेतल्या आणि मेक्सिकोकडची ही बाभूळ आणून लावली. दिल्लीत तिला 'विलायती कीकर' म्हणतात. ती अशी माजली की धौ, पळस, हिवर पार कोपऱ्यात गेले. (धौ म्हणजे आपल्या धावड्याचा चुलतभाऊ.) तिच्याखाली गवतसुद्धा धड उगवत नाही.

पण प्राचीन म्हणण्याजोगं तिथे आहे, ते पायाखाली. अरवलीचं हे उत्तरेकडचं टोक. त्यातला क्वार्ट्झाइट हा कठीण खडक सुमारे दीडशे कोटी वर्षांचा. हिमालय त्याच्यापुढे कालचं पोर. रिजवरच्याच फ्लॅगस्टाफ टॉवरजवळ मी एक फुटका तुकडा उचलला होता. बाहेरून मळकट, आतून गुलाबीसर, खडीसाखरेसारखा दाणेदार, आणि कड अशी की अंगठ्याला चरा पडला. या खडकाला जागोजाग भेगा आहेत. पावसाचं पाणी मुरतं ते तिथून. डांबर पडलं की ती वाट बंद. वर झाड देशी आहे की विलायती, याच्याशी त्या पाण्याला देणंघेणं नाही.

आणि 'दोन-चार एकर' म्हणालात, तर रिज आज सलग उरलाय कुठे? दिल्ली विद्यापीठाजवळचा उत्तरेचा तुकडा जेमतेम ८७ हेक्टरचा. राखीव जंगलाची प्राथमिक अधिसूचना १९९४ची. जिच्यामुळे राखीव दर्जा पक्का होतो, त्या अंतिम अधिसूचनेचं घोडं बहुतांश रिजच्या बाबतीत त्यानंतर तीस वर्षं अडून राहिलं. तेवढ्या वेळात दोन-चार एकर किती वेळा जातात, हिशोब तुम्हीच करा.

बाभूळ हटवावी, यावर आपलं एकमत आहे. फक्त ती रस्त्यासाठी नको, धौसाठी हटवा. वसंत विहारच्या अरवली जैवविविधता उद्यानात पूर्वी खाणी होत्या. आज तिथे पुन्हा देशी झाडं उभी आहेत.

दिल्लीला आलात तर मार्चमध्ये या, पळस फुललेला असतो. चपला मात्र नकोत. तुमच्या त्या वेड्या बाभळीचा काटा तळव्यातून आरपार जातो, स्वानुभव आहे.