मैदान सोडून गेलेल्या पोरांना कुणी विचारलंय का?

क्रीडा मानसशास्त्रात संशोधन करतो म्हटलं की आपल्या सोलापुरात पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे खेळाडूंचं टेन्शन घालवता का, सर?" तेही करतो. पण या विषयात मी इतकी वर्षं घातली ती नववीपर्यंत रोज मैदानावर येणाऱ्या आणि दहावीनंतर दिसेनाशा होणाऱ्या पोरांपायी.

प्रबंधाला नमुना निवडताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतले खेळाडू सोयीचे पडतात, कारण ते एका जागी सापडतात. प्रश्नावली वाटली, भरून घेतली, झालं. पण टिकलेल्यांनाच विचारत बसलो तर बाकीचे का सुटले हे कळणार कुठून?

परवा एका मैदानावर खो-खोचा सराव बघत होतो. एका मुलीने खो द्यायला क्षणभर उशीर केला. सर बाहेरून ओरडले, "झोपलीस का गं?" त्यानंतर ती प्रत्येक खो देण्याआधी सरांकडे बघायला लागली. तेवढ्यात पळती निसटायची आणि मग पुन्हा ओरडा. पोरीच्या पायात वेग होता हो! लक्ष तेवढं पळतीवरून उठून सरांच्या तोंडावर गेलं होतं.

अमेरिकेत स्मिथ आणि स्मॉल या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना काही तासांचं प्रशिक्षण दिलं. चांगल्या प्रयत्नाची लगेच दखल घ्या, चुकलं तर धीर देऊन कसं करायचं ते दाखवा, एवढंच. १९९२ साली निष्कर्ष आले. साध्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामात परतली नाहीत, शिकवलेल्यांकडची फक्त ५ टक्के. सामने मात्र दोन्हीकडे सारखेच जिंकले गेले. 'ओरडल्याशिवाय पोरं जिंकत नाहीत' म्हणणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य परत वाचावं.

आता खेळाडूंना दहावी-बारावीत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांबद्दल. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधीच प्रशस्तिपत्रकाचं आमिष दाखवलं. पुढे मोकळ्या वेळेत तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता, अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड शाबूत राहिली. दहावी-बारावीचे क्रीडा गुण बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही; विडी वळणाऱ्या आईच्या, यंत्रमागावर राबणाऱ्या बापाच्या लेकराला त्या गुणांचा आधार असतो. पण पहिल्याच दिवशी "खेळ, गुण मिळतील" असं सांगून मैदानात उतरवलेलं पोर गुण पदरात पडल्यावर कशासाठी येईल? त्याला खेळाची गोडी लागू द्या, गुण मागून येतील.

सोलापुरातल्या क्रीडाशिक्षकांना, प्रशिक्षकांना हात जोडून एक विनंती आहे. पोर यायचं थांबलं की हजेरीवहीत नावावर काट मारण्याआधी त्याच्या घरी एक फोन करा. "का आला नाहीस?" असा जाब नको, "काय झालं रे बाळा?" एवढंच विचारा आणि जे सांगेल ते लिहून ठेवा. त्या नोंदी घेऊन एकत्र बसू. मी तुमच्या मैदानावर येतो, सकाळी सहाला म्हणालात तरी.