चेंबर

तीन आठवडे आमच्या पार्किंगमध्ये माझ्या मोटारसायकलखाली पुठ्ठा होता. सोसायटीचे सेक्रेटरी रोज सकाळी वाकून तो बघायचे आणि 'आज किती?' असं विचारायचे, जणू मी दूध घालतोय. काल पुठ्ठा काढला. राग अजून तिथेच आहे.

गाडी जुनी घेतलेली, दोन सिलिंडरची. 'डॉक्टरांची आहे, फक्त रविवारी निघायची,' असं विकणारा म्हणाला होता. रविवारी डॉक्टर तिला कुठे आपटायचे, हे बोलला नाही. आमच्या नाशिकचा सिंहस्थ २०१५ नंतर आता २०२६-२७ ला येतोय, त्यामुळे आमच्याकडचा रस्ता खणलेला. (सिंहस्थाला बारा वर्षं लागतात, खड्डे दरवर्षी येतात.) खालून टक्‌ असा आवाज झाला आणि घरी पोचेपर्यंत ऑइल पॅनमधून, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातून, गॅरेजच्या भाषेत चेंबरमधून, काळी धार लागली. तडा जुनाच होता. त्यावर एम-सील थापून चंदेरी रंग दिलेला. डॉक्टरांनी स्वतःच प्लास्टर घातलं असावं.

गाडी टेम्पोत घालून द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात नेली. तिथे एकच खुर्ची होती आणि तिच्यावर एक काका बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. खुर्ची एकच म्हणजे हेच मालक, असं मी धरून चाललो.

'किती चाललीय?'

'अठ्ठावीस हजार.'

'म्हणजे साठ. चहा सांगा.'

मी चहा सांगितला.

'चेंबर फोडलात ना?'

'फुटला आपोआप.'

'नारळ फुटतो का आपोआप?'

मग काकांनी मोबाइलची बॅटरी लावायला सांगितली. मी गाडीखाली उकिडवा. 'इकडे धरा. अजून आत. अहो, हलवू नका!' दहा मिनिटांनी कळलं, ते त्यांचं घरंगळलेलं दहाचं नाणं शोधत होते. नाणं मिळालं. तेलात बुडालेलं. माझ्या रुमालाला पुसून त्यांनी ते खिशात टाकलं आणि निकाल दिला, 'नवा पॅन पुण्याहून मागवायचा, ४८०० घालवायचे, कशाला? अंबडला आर्गन वेल्डिंग मारून आणा. ४०० रुपयांत काम.'

मेकॅनिक माझ्याकडे बघत होता. मी नम्रपणे काकांना म्हणालो, 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा.'

या एका वाक्याचे मला पुढे किती पैसे पडले, ते सांगतो. वर्षानुवर्षं तेल प्यालेल्या ॲल्युमिनियमला वेल्डिंग नीट धरत नाही, बारीक भोकं राहतात. शिवाय तापून पॅनची कड वाकली, त्यामुळे पॅकिंगमधूनही पाझर. म्हणजे पुन्हा तेल काढा, पुन्हा सायलेन्सरचे बेंड, म्हणजे वाकडे पाइप, उतरवा, कारण ते नेमके पॅनच्या आडवे जातात. दीड लिटर नवं ऑइल आमच्या पुठ्ठ्याने प्यालं. साध्या एक सिलिंडरच्या गाड्यांना बहुधा हा वेगळा पॅनच नसतो, हे माझ्या स्प्लेंडरवाल्या मेव्हण्याने त्या काळात मला चार वेळा सांगितलं.

शेवटी मी गॅरेजात जाऊन भांडलो. 'तुमच्या मालकांनीच वेल्डिंग सांगितलं होतं!'

'मालक? मालक मीच आहे.'

'मग ते काका?'

'तुमचे वडील ना ते? तुम्हीच म्हणालात, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आम्ही वडिलांच्या शब्दाबाहेर कसं जाणार?'

काका समोरच्या दवाखान्यात बायकोचा नंबर लागेपर्यंत सावलीला बसत, एवढंच.

नवा पॅन आला. मेकॅनिकने जुनं पॅकिंग हळूहळू खरवडलं, सोल्युशनची अगदी बारीक रेघ ओढली. जास्त लावलं तर ते आत लोंबतं, सुटून तेलाच्या जाळीत अडकतं आणि पंपाला तेल मिळत नाही, म्हणाला. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. इतकं मन लावून केलेलं काम बघून माझा राग जरा उतरत होता, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

'मी म्हणत होतो ना, नवाच टाका!'

बिल आलं. त्यात सहा चहा लावले होते. मी दोन प्यायलो होतो.