‘श्रीमंतांचं कोलेस्टेरॉल’ : एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांनी चाळिशीनंतर कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासून घ्यावा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : “आमच्या बायकांच्या मागे घरभाडं आहे, मुलांच्या फिया आहेत, सासरचे टोमणे आहेत. त्यात हे श्रीमंतांचं कोलेस्टेरॉल कशाला? आणि ‘गोळ्यांमुळे कोलेस्टेरॉल वाढतं’ हे तुमचं वाक्य वाचून आमच्या गटातल्या दोघी विचारतायत, गोळ्या बंद करू का?”

आधी शेवटच्या वाक्याचं बोलते, कारण तिथे चूक माझी आहे. कोणत्या गोळ्या, ते मी लिहायलाच हवं होतं. एचआयव्हीवरच्या जुन्या स्टॅव्हुडिन या औषधाने गाल बसायचे, हातापायांच्या शिरा दिसायच्या आणि रक्तातली चरबी बिघडायची. ते औषध केव्हाच मागे पडलं. पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या की देतात त्या सेकंड लाइनमधल्या लोपिनाविर-रिटोनाविरने ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, वाढतात. एफाविरेन्झनेही कोलेस्टेरॉल थोडं वाढतं. पण आज एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रावर, बहुतेकींना जी रोजची एकच गोळी मिळते, तिच्यातल्या डोल्युटेग्राविरचा कोलेस्टेरॉलला फारसा त्रास नाही. वजन मात्र वाढू शकतं, आणि ते पुरुषांपेक्षा बायकांचं जास्त वाढलेलं दिसतं.

आणि गोळ्या बंद केल्या तर काय होतं, हे अंदाजाने सांगायची गरज नाही. २००६ साली ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीचा निकाल आला. ५,४७२ माणसं होती. निम्म्यांनी उपचार अखंड घेतला, निम्म्यांनी सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, बरी असताना उपचार थांबवला आणि ती खाली आली की पुन्हा सुरू केला. थांबवणाऱ्यांत मृत्यू तर जास्त झालेच, पण हृदयविकारही जास्त निघाला. गोळ्या सोडल्या तर हृदय सुरक्षित राहील, ही समजूत तिथेच संपली.

याचं कारण तुमच्या ‘श्रीमंतांचं कोलेस्टेरॉल’ या आक्षेपाशीही जोडलेलं आहे. एचआयव्ही शरीरात शिरल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या संरक्षक पेशी मोठ्या प्रमाणावर मारतो. मग आतड्यातल्या जंतूंचे अंश थोडे थोडे रक्तात झिरपत राहतात आणि प्रतिकारशक्तीला सतत जागं राहावं लागतं. उपचाराने व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडेनासा झाला की ही धुसफूस खूप कमी होते, पण पूर्ण थांबत नाही. तिने रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावतं आणि तिथे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जाऊन बसतं. म्हणून रिपोर्टात ‘नॉर्मल’ दिसणारं कोलेस्टेरॉलसुद्धा या बायकांना जास्त बाधू शकतं. त्यात पाळी गेली की इस्ट्रोजेनचा आधार सुटतो आणि एलडीएल चढतं. बांधावर भाकरी खाणारी असो की बंगल्यात राहणारी, यातलं काही टळत नाही.

बोस्टनमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २००७ मध्ये हिशेब मांडला गेला. एचआयव्ही असलेल्या पुरुषांत हार्ट अटॅकचं प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे १.४ पट होतं. बायकांत ते इतर बायकांच्या जवळजवळ तिप्पट होतं. बायकांचा मूळ धोका कमी असतो म्हणून पट मोठी दिसते, हे खरं आहे, आणि ते मी लेखात लिहिलं असतं तर तुमच्या बायका कमी घाबरल्या असत्या.

पण हे सगळं मी का लिहिते, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या आतली एक बाई माझ्याकडे आली. नवरा गेल्यावर शेतमजुरी करून दोन मुली शिकवल्या होत्या, गोळी एक दिवस चुकवली नव्हती. जबडा दुखतोय, मळमळतंय, चढ चढताना दम लागतो, म्हणाली. पित्त असेल असं तिला वाटलं, आणि मलाही. मी पित्ताची गोळी दिली, ईसीजी काढला नाही. तिसऱ्या दिवशी तिला जिल्ह्याच्या गावी न्यावं लागलं. ती वाचली, पण हृदय कायमचं कमजोर झालं. इतक्या वर्षांत तिचा सीडी फोर कितीदा तरी मोजला गेला होता. कोलेस्टेरॉल एकदाही नाही.

उपाय महाग असता तर तुमचं ‘श्रीमंतांचं’ मी मान्य केलं असतं. २०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ चाचणीचा निकाल आला : १२ देश, त्यात भारतही, ४० ते ७५ वयाचे ७,७६९ जण, त्यांतल्या सुमारे ३१ टक्के बायका. धोका फार नसलेलीच माणसं घेतली होती, एलडीएलही साधारण १०८च्या आसपास. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातलं पिटाव्हास्टॅटिन रोज एक घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारखे मोठे प्रसंग ३५ टक्क्यांनी कमी झाले. मधुमेह मात्र थोडा जास्त निघाला, ५.३ टक्के विरुद्ध ४ टक्के. म्हणून साखर तपासत राहायची. आपल्याकडे सहज मिळणारं अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतं. फक्त दुकानातून परस्पर घेऊ नये : गरोदरपणी स्टॅटिन सहसा देत नाहीत, आणि रिटोनाविर चालू असेल तर सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन अजिबात चालत नाहीत, बाकीच्यांचा डोसही बघून ठरवावा लागतो. एआरटीची वही दाखवल्याशिवाय कोणतंही स्टॅटिन सुरू करू नका.

तपासणीसाठी मजुरी बुडते, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पण कोलेस्टेरॉलसाठी उपाशीपोटी येण्याची सक्ती बहुतेक वेळा लागत नाही. ट्रायग्लिसराइड्स खूप वाढलेले निघाले तरच उपाशी रक्त द्यावं लागतं. गोळ्या न्यायला येतील त्याच फेरीत रक्त द्यावं, रक्तदाब मोजून मागावा. आणि मिश्रीबद्दल बायकांशी बोला, ताई. सिगारेट ओढता का, असं डॉक्टर विचारतात, बाई नाही म्हणते, आणि दिवसातून चारदा दातांना तंबाखू लावते. हृदयाला ती चालत नाही.

लेखातलं ते वाक्य मी बदललं आहे. गटाच्या बैठकीला बोलावलंत तर रक्तदाबाचं मशीन घेऊन येते. त्या दोघींना मात्र बैठकीपर्यंत थांबवू नका. आजची गोळी आजच घ्यायची, हे त्यांना आत्ताच फोन करून सांगा.